उन्हात उभी होती गाडी

काचेवर टकटक झाली. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की टकटक करणाऱ्याचा फक्त हात दिसत होता आणि हातातला चहाचा कागदी कप.

तिने काच खाली केली.

"ही जागा चार्जिंगवाल्या गाड्यांची आहे," तो वाफेआडून म्हणाला. "तुमच्या गाडीला वायर लागत नाही."

"माहीत आहे. हायब्रिड आहे माझी."

"माहीत असून लावलीत?"

"धुक्यात पाटी दिसली नाही." आणि मग उगाचच, आपली बाजू भक्कम करायला ती म्हणाली, "मी याच विषयावर लिहिते. हायब्रिड आणि प्लग-इन. मासिकात."

"अच्छा... लिहिता." तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे वाचत नाही."

तिच्या जिभेवर सणसणीत उत्तर तयार होतं. पण किल्ली उचलायला गेली आणि ती बोटांतून निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. थंडीत तिची बोटं बधिर व्हायची, टोकं पांढरीफटक पडायची. लहानपणापासूनच होतं ते, आणि कुणी पाहिलेलं तिला अजिबात खपत नसे. त्याने पाहिलं. खिडकीतून कप आत धरला.

"घ्या."

"मी अनोळखी माणसाचा चहा पीत नाही."

"प्यायला नाही. धरायला."

तिने धरला. बोटांत हळूहळू मुंग्या आल्या, मग बोटं आली. कप परत द्यायला तिने मान वर केली, तर तो मागे आपल्या गाडीपाशी उभा होता आणि दोन्ही हात बगलेत घालून मुकाट्याने वाट बघत होता. आता त्यालाच गारठा लागला असणार. हा विचार तिच्या मनात आला, आणि तिने तो तिथेच सोडून दिला. आलेला विचार धरून ठेवायचा असतो हे तिला फक्त आकड्यांच्या बाबतीत ठाऊक होतं.

पुढच्या सोमवारी संपादकांनी मासिकाच्या नव्या चाचणी-चालकाची ओळख करून दिली, तेव्हा कप कुणाचा होता ते कळलं.

"आमची ओळख आहे," तो म्हणाला. "त्यांनी माझा चहा गार केलाय."

कचेरीत तिला सगळे 'तराजू' म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिला ते आवडायचं. गाडीच्या किमतीवर भाळू नका, पुढे ती किती खाते ते बघा, हे तिच्या सदराचं पालुपद. हायब्रिड घ्यावी की प्लग-इन, असं वाचक पत्रांतून विचारून विचारून तिचं डोकं खात होते. शेवटी मासिकाने दोन्ही गाड्या विकत घेतल्या. वर्षभर एकाच रस्त्यावर, रोज, दोन माणसांनी चालवायच्या. गावातून बाहेर, मग चढ, चढाच्या माथ्यावरचा तलाव, आणि परत. पेट्रोल, वीज, टायर, विमा, सर्व्हिसिंग, सगळं मांडायचं आणि दहा वर्षांत कोणती स्वस्त पडेल ते सांगायचं. चालवणाऱ्याच्या पायाची सवय कुणा एकाच गाडीच्या माथी बसू नये म्हणून दर सकाळी कचेरीच्या फाटकात गाड्यांची अदलाबदल. काल त्याच्या हाती होती ती आज हिच्या. आणि घेताना लगेच मीटरवरचे आकडे टिपायचे.

नियम तिनेच केले होते. गाडीत एकच माणूस, दुसरं वजन नको. उभ्या गाडीत हीटर नाही, एसी नाही. थंडी वाजली तर स्वेटर घाला.

"स्वेटर घाला," तो नियम वाचताना म्हणाला. "हे खरंच लिहिलंय इथे."

"मग काय लिहायला हवं होतं?"

"काही नाही. चालेल. सावकाश पाठ करतो."

'सावकाश' हा त्याचा आवडता शब्द. कुणी घाई केली की तो म्हणायचा, "सावकाश... रस्ता कुठे पळून जातोय?" आठवड्याभरात कचेरीने त्याचं नावच सावकाश ठेवलं. वरून कुणीतरी तराजू आणि सावकाश ही जोडी बघून हसत असणार, पण खाली हिला त्याचा पत्ताच नव्हता.

सकाळी ती फाटकात पोचायची तेव्हा तो आधीच आलेला असायचा. गाडीबाहेर उभा, कॉलर वर, नाक लाल. किल्ली तिच्या हातावर ठेवायचा. ती आत बसायची, आणि आत ऊब असायची. सीट उबदार, स्टिअरिंग उबदार. तिची बोटं एका क्षणात मऊ व्हायची.

"गाडी उबदार कशी?" पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं.

"उन्हात उभी होती."

सूर्य अजून उगवायचा होता. फाटकावरचा दिवा जळत होता. एरवी पेट्रोलच्या थेंबाचाही जाब विचारणाऱ्या या बाईने मान हलवली, पट्टा लावला आणि निघाली. प्रेमात माणूस आंधळं होतं म्हणतात. हिचं आंधळेपण फार निवडक होतं.

चढावर दोन गाड्या मागेपुढे धावायच्या आणि फोन स्पीकरवर चालू असायचा. सुरुवातीला कामाचं बोलणं असायचं, मग कामाच्या आडून, आणि मग काम राहिलंच नाही.

"तुमची हायब्रिड ना, तुमच्यासारखी आहे," एकदा तो मागून म्हणाला. "आपलं आपण भागवते. उतारावर स्वतःच चार्ज होते, कुणाचं काही घेत नाही."

"चांगला गुण आहे की."

"आहे. पण प्लग-इनची गंमत वेगळी. तिला रोज रात्री कुणीतरी आठवणीने वायर जोडावी लागते. नाही जोडली तर बिचारी पेट्रोलवर धापा टाकत चालते."

"म्हणजे परावलंबी."

"मीसुद्धा प्लग-इनच आहे," तो म्हणाला.

आरशात त्याच्या गाडीचे दिवे दिसत होते. तिने आरसा जरा खाली केला, नीट दिसावेत म्हणून, आणि मग कुणी पाहिल्यासारखं पुन्हा वर केला.

"एकदा तरी शेजारी बसा ना," तो म्हणाला.

"वजन वाढेल. सरासरी बिघडेल."

"किती वाढेल?"

"बाईमाणसाला वजन विचारू नये."

"बरं... नाही विचारत. मग चाचणी संपली की? एक चक्कर. तलावापर्यंत. एकाच गाडीत."

"कोणत्या?"

"तुम्ही सांगाल त्या."

तिने वळण घेतलं, मग म्हणाली, "जी स्वस्त पडेल त्या."

तो इतका हसला, की हिने स्पीकरचा आवाज कमी केला आणि लगेच पुन्हा वाढवला.

थंडी सरली, उन्हाळा आला, काचा खाली झाल्या. पावसात वायपर दोघांचे एकाच तालावर चालले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. तो तिच्यानंतर गाडीत बसला की सीट मागे घेताना "कुणा चिमणीची गाडी आहे ही" असं पुटपुटायचा, आणि तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. तिचं त्याच्यावर प्रेम जडलं होतं. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. जेवताना, झोपताना, वाचकांच्या पत्रांना उत्तरं लिहिताना तो मनात असायचाच. घरी वहिनीने ते चेहऱ्यावरून ओळखलं.

"सांगून टाक त्याला," भांडी पुसता पुसता वहिनी म्हणाली.

"चाचणी संपू दे गं. मधेच काही झालं तर लोक म्हणतील, आकडे संगनमताने केले."

"अगबाई. आम्ही लग्न केलं तेव्हा कुणी आकडे मागितले नव्हते."

वर्ष सरत आलं तेव्हा संपादकांनी दोघांना बोलावलं. आकडे स्वच्छ निघाले, तर चाचणी दुसऱ्या वर्षीही चालू ठेवायची, बॅटऱ्या कशा म्हाताऱ्या होतात ते बघायला. त्याचा करार वर्षाचाच होता. दुसऱ्या गावातल्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं आलेलं, पगार बरा, काम पक्कं.

"दुसरं वर्ष मिळालं तर मी त्यांना नाही म्हणेन," जिन्यात तो तिला म्हणाला. "नाही मिळालं तर... जावं लागेल."

"मिळेल," ती म्हणाली. "आकडे माझ्याकडे आहेत."

आकडे तिच्याचकडे होते, आणि घात तिथेच झाला.

मांडायला बसली तेव्हा दोन्ही गाड्या खांद्याला खांदा लावून आल्या. प्लग-इन घ्यायला महाग, चालवायला स्वस्त, पण रोज न चुकता जोडणाऱ्यालाच. विसराळू माणसाला हायब्रिड बरी. दहा वर्षांच्या टोकाला फरक इतका थोडा, की कौल कुठे झुकेल ते थंडीच्या महिन्यांवर होतं. आणि थंडीचे महिने तिला सतावत होते. हायब्रिड असो, प्लग-इन असो, त्याच्या हातची गाडी थंडीत जास्त खात होती. चालवणं तर त्याचं लोण्यासारखं. उन्हाळ्यात त्याचे आकडे हिच्यापेक्षा सरस. मग थंडीतच काय होतं?

तिने त्यालाच विचारलं. कचेरीच्या गच्चीवर, दुपारी.

"उभ्या गाडीत हीटर लावायचास का तू?"

तो कठड्यावरून खाली बघू लागला.

"लावायचो."

"का?"

"सांगितलं तर... हसशील."

"मला कारण हवंय. हसू नकोय."

असं ती म्हणाली. तिचा तो आवाज सगळ्या कचेरीला ओळखीचा होता. विमा कंपनीशी बोलतानाचा. तो आवाज आपल्याशी बोलताना ऐकून तो एक पाऊल मागे सरला, हसला आणि म्हणाला, "मग राहू दे. चूक माझीच."

त्या वेळी तिने "अरे, सांग ना" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिला वाटत होतं, आपण त्याला वाचवायला निघालोय आणि हा ताकास तूर लागू देत नाही. तिला राग आला. आवडत्या माणसाच्या हलगर्जीपणाचा राग परक्याच्या रागापेक्षा मोठा असतो. अहवालात तिने जे दिसलं ते लिहिलं. आपलं माणूस म्हणून झाकलं, तर तराजू कसली?

संपादकांच्या खोलीत तो खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"नियम माहीत होता ना तुम्हाला?" संपादक म्हणाले.

"हो."

"मग हीटर कशाला?"

"थंडी वाजायची, सर."

"कोणाला?"

त्याची नजर टेबलावरच्या तिच्या हातांवर गेली आणि तिथून खिडकीबाहेर. तिला ते दिसलं नाही, कारण ती बोलत होती.

"थंडी मलाही वाजते," ती म्हणाली. "मी नाही कधी लावला हीटर. एकदाही नाही."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

खोलीतल्या कुणालाच ते वाक्य कळलं नाही. आता कुणी म्हणेल, याने तोंड का उघडलं नाही? उघडलं असतं तर तिचं नाव अहवालात गेलं असतं. जिचे नियम तिच्याचसाठी मोडले, अशी बातमी सगळ्या कचेरीत झाली असती आणि तिच्या तराजूला कायमचा पासंग लागला असता. तिची भीती त्याला फोनवर ऐकून ऐकून पाठ झाली होती. म्हणून तो गप्प बसला, आणि ती त्याला बेफिकीर समजली.

त्याचे थंडीचे आकडे वगळले. चाचणीला दुसरं वर्ष मिळालं, त्याला मिळालं नाही.

शेवटच्या दिवशी तो फाटकात उभा होता. किल्ली तिच्या हातावर ठेवली, पण बोटं लगेच काढून घेतली नाहीत.

"ती चक्कर राहिली," तो म्हणाला. "तलावापर्यंत."

ये, बस, म्हणायचं होतं तिला. पण मन भरून आलं की तिचा आवाज नेमका कोरडा व्हायचा.

"चाचणी कुठे संपलीये? अजून एक वर्ष आहे," ती म्हणाली. "गाडीत एकच माणूस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली, नियम पाठ असलेल्या माणसासारखी.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सावकाश जा."

आरशात तो लहान होत गेला. या वेळी तिने आरसा खाली केला नाही.

मग त्याचे दोनेक निरोप आले. नवं गाव कसं आहे, कारखान्यातला चहा किती वाईट आहे. तिने उत्तरं दिली, उशिरा आणि मोजकी. मनातून वाटायचं, तो एकदा येऊन भांडेल, कारण सांगेल, मग आपण विरघळू. तो आला नाही. वहिनीने दोनदा विषय काढला, तिसऱ्यांदा नाही काढला.

दुसऱ्या वर्षी अदलाबदल बंद होती. एक गाडी हिच्याकडे, दुसरी नव्या चालकाकडे. हे निवृत्त झालेले ड्रायव्हिंग शिक्षक, सगळे त्यांना काका म्हणत. हिची गाडी घराच्या इमारतीच्या बंदिस्त तळघरात उभी राहायची. तिथे थंडी पोचत नसे.

तिसऱ्या वर्षी चाचणी आणखी लांबली आणि अदलाबदल पुन्हा सुरू झाली. दिवस भराभर गार होत गेले, आणि एका धुक्याच्या सकाळी ती फाटकात आली. काकांनी किल्ली दिली. दार उघडून ती बसली आणि दचकली. सीट गार, स्टिअरिंग बर्फ. तिने बटण दाबायचा प्रयत्न केला. बोट वाकेना.

ती बाहेर आली. "काका, हीटर बिघडलाय का हिचा?"

"नाही हो."

"मग इतकी गार कशी?"

"गार नाही तर काय असणार? मी कधीचा येऊन उभा आहे तिच्यापाशी. उभ्या गाडीत हीटर नाही, तुमचाच नियम."

"पूर्वी अशी नसायची," ती म्हणाली. "याच फाटकात, याच वेळेला. आत बसलं की उबदार असायची. उन्हात..."

आणि ती थांबली. फाटकावरचा दिवा जळत होता. आभाळ अजून काळंच होतं.

"उन्हात?" काका म्हणाले.

ती परत आत जाऊन बसली. तो आठवला: वर कॉलर, लाल नाक, गाडीच्या आत नाही, बाहेर उभा. हीटर लावून स्वतः बाहेर थंडीत कोण उभं राहतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर्षभराच्या आकड्यांत जे ती शोधत होती त्यात ती रोज सकाळी जाऊन बसत होती. त्या उबेला तिने अहवालात हलगर्जीपणा म्हटलं होतं. तिला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. काका शहाणे, ते पाठ करून उभे राहिले.

मग तिने फोन लावला. बधिर बोटाने, दोनदा चुकून.

"अरे... तराजू?" तोच आवाज. "इतक्या सकाळी?"

"उन्हात उभी होती म्हणालास."

पलीकडे त्याने हळूच श्वास सोडला.

"कळलं का?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. तलावापाशी."

तिला खूप काही म्हणायचं होतं. चुकले म्हणायचं होतं, ये म्हणायचं होतं. पण इतक्या दिवसांनी एकदम ये कसं म्हणणार? तिने आपला नेहमीचा रस्ता धरला.

"गाडी घेतलीस का?"

"घेतली ना. प्लग-इन."

"का? विसराळू माणसाने हायब्रिड घ्यावी, लिहिलंय मी."

"वाचलं होतं." तो अडखळला. "पण आता... रोज रात्री आठवणीने वायर जोडणारं कुणीतरी आहे घरी. उन्हाळ्यात लग्न झालं माझं. तुला कळवणार होतो. पत्ता लिहिला, आणि मग... राहिलं."

समोरच्या काचेवर धुक्याचे थेंब जमून ओघळत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"छान," ती म्हणाली. आवाज कोरडा येऊ नये म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदाच इतके कष्ट घेतले. "तिला थंडी वाजते का रे?"

"छे. तिला उकडतं. ऐन थंडीत काच खाली करते. सरासरीचे पार तीनतेरा."

ती हसली. खरंच हसली, आणि तोही हसला. चढावर हसायचा तसाच, पण या वेळी तिने आवाज कमी केला नाही.

"तुझी बोटं कशी आहेत?" त्याने विचारलं.

"आहेत."

"स्वेटर घाल," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "सावकाश जा हं."

फोन बंद झाला. धुक्यात फाटकाच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. आज तो असता तर तिने शेजारचं दार उघडून दिलं असतं आणि सरासरीला खड्ड्यात जा म्हटलं असतं. मग तिने हात पुढे केला आणि उभ्या गाडीत हीटर लावला. इंजिन जागं झालं. गरम वारा आधी मनगटांवर आला, मग तळव्यांवर. बोटं परत येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

काचेवर टकटक झाली. काका होते.

"बाई, हीटर चालू आहे. गाडी उभीये."

"हो. आजचा आकडा धरू नका, काका."

"कारण काय लिहू?"

"थंडी वाजत होती म्हणून लिहा."

काका काटेकोर माणूस. खिशातून पेन काढत त्यांनी विचारलं, "कोणाला?"

"मला," ती म्हणाली. "मलाच वाजत होती."